मोरी क्रमांक सात

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

आज सतरा गावांच्या पाणी योजनेचा ताबा घेतला. ताबा कसला, उकिरडाच गळ्यात पडला. आधीच्या साहेबांनी चार वर्षांत विंचूरच्या पुढच्या टेकडीवर एक मोठी टाकी बांधली. तिच्या भूमिपूजनाचा दगड टाकीपेक्षा देखणा आहे. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली. देवराम बोरस्ते, कार्यकारी अभियंता, ही पाटी दाराला लागली खरी, पण आजवर दुसऱ्यांच्या योजनांची खरकटीच काढली. ही पहिली माझी.

नदीचं पाणी त्या टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने सतरा गावांच्या टाक्यांत सोडायचं, एवढंच काम. शेवटचं आणि सगळ्यांत उंचावरचं गाव सोनारदरा. तिथे फेब्रुवारीपासून टँकर लागतो. १ मेला पालकमंत्री तिथला नळ उघडणार, ही तारीख वरून ठरून आली आहे. सोनारदऱ्यात पाणी आलं तर योजना झाली. नाही आलं तर बाकीच्या सोळा गावांचं कौतुक कोणी करणार नाही.

पहिली बैठक घेतली. दीड तासात ‘अडचण’ हा शब्द एकतीस वेळा ऐकला. मोजला मी. जमिनीची अडचण, पाइपाची अडचण, गेल्या महिन्यातल्या पोळ्याची अडचण. नाचता येईना अंगण वाकडे! बहिरू शिपायाला पाठवून पेंटर बोलावला आणि बैठकीच्या खोलीत बोर्ड लावला : ‘येथे अडचण हा शब्द उच्चारू नये.’ आधी सगळे हसले. मी बघितल्यावर थांबले.

मोजणी एका टोकाकडून केली असती तर मार्च उजाडला असता. मी दोन तुकड्या केल्या. नदीकडून आमच्या कनिष्ठ अभियंता छाया पगारे, डोंगराकडून कंत्राटदार राकेश सानपची माणसं. विंचूर रस्त्यावरच्या सात नंबरच्या मोरीपाशी दोघं भेटतील. चाळीस दिवस वाचले. पगारे बाईंनी विचारलं, “सर, उंची मोजायला दोन्हीकडे आधाराचा दगड एकच धरायचा ना?” मी म्हणालो, “बाई, समुद्र एकच आहे. उंची त्याच्यापासून मोजतात. दगड कुठलाही धरा.” नवी पिढी पुस्तकातून डोकं काढत नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

कांद्याचा भाव आभाळाला भिडल्यापासून लासलगावकडून येणारे ट्रॅक्टरवाले स्वतःला जहागीरदार समजायला लागले आहेत. जीपला रस्ता देत नाहीत. बैठकीला वीस मिनिटं उशीर झाला, आणि माझ्याशिवाय कोणाला त्याची खंत नव्हती.

बोर्डाचा मात्र गुण आला. आज कोणी रडगाणं गायलं नाही. उपअभियंता समाधान कोकाटे उभा राहिला, “वीस टक्के, साहेब,” म्हणाला आणि बसला. गेल्या सोमवारी सोळा होते, त्याआधी बारा. दर आठवड्याला चार टक्के. शिस्त लावली की माणसं कामाला लागतात, हे मी वीस वर्षं सांगत होतो. कोकाटे पूर्वी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, आता स्पष्ट बोलतो.

सानपला विचारलं की डोंगराकडची मोजणी कशी चालली आहे. “झालं समजा, साहेब.” या माणसाच्या तोंडी दुसरं वाक्य नाही. पण निदान तो तोंड पाडून बसत नाही.

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

विंचूर रस्त्यावरच्या पत्र्याच्या साइट ऑफिसात बसलो होतो. समोर कोकाटे, सानप आणि त्याचे दोन मुकादम. तेवढ्यात पगारे बाई घाईघाईने आत आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “सर, जरा बाहेर येता? एक अडचण आहे.”

डोक्यात सणक गेली. बोर्ड लावून तीन महिने झाले. पण मग लक्षात आलं की ज्या शब्दाला बंदी आहे तो ही बाई कामासाठी कशाला वापरेल? ही ती अडचण. माझ्या घरात बायको आहे, दोन मुली आहेत, मला चेहऱ्यावरून कळतं. चार पुरुषांसमोर बिचारीने याहून स्पष्ट काय सांगावं?

मी हात वर केला. “समजलं. काही बोलू नका. जीप घ्या, घरी जा, चार दिवस येऊ नका. गरम पाण्याची पिशवी घ्या.”

“सर, तसं नाही. ते मोरीपाशी...”

“समजलं म्हटलं ना, बाई!”

मोरीचं नाव निघाल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साइटवर बाईमाणसाला साधा आडोसा नाही, हातपाय धुवायला जागा नाही. बिचारी रस्त्याखालच्या मोरीत जात असणार. मुकादम खाली बघून हसत होते, त्यांना झापलं. बाई उंचीच्या नोंदींचं लेव्हल बुक छातीशी धरून जीपमध्ये बसल्या.

घरी वत्सलाला सांगितलं. वाटलं, नवऱ्याचा समंजसपणा बघून बरं वाटेल तिला. ती म्हणाली, “पण ती नक्की काय म्हणाली?” मी म्हणालो, “आता बायकांचंही तुला मीच समजावून सांगू का?” ती पोळ्या लाटायला निघून गेली.

२० जानेवारी, बुधवार

मोरी झाली. चार पत्रे, शहाबादी फरशी, पाण्याचा ड्रम, आतून कडी. तीन दिवसांत उभी केली. आधीचे साहेब असते तर नुसता प्रस्ताव फिरत राहिला असता.

पगारे बाईंना मुद्दाम बोलावून दाखवली. त्या बघतच राहिल्या. “सर, मी त्या दिवशी ह्या मोरीबद्दल बोलत नव्हते. ती रस्त्याखालची...”

“ती नको,” मी म्हणालो. “उघड्यावरची आहे, लोक येतात जातात. ही वापरा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कृतज्ञता असेल. पण लगेच मोजणीच्या दुर्बिणीचं तिकाटणं उचलून निघून गेल्या. आभार मानायची पद्धतच राहिली नाही लोकांत. उद्यापासून असली कामं करायची नाहीत असं ठरवलं.

८ फेब्रुवारी, सोमवार

बैठक बरी झाली. त्र्याहत्तर टक्के असं एका मुकादमाने सांगितलं, कोकाटेने बाहत्तर. एका टक्क्यावरून दोघांना फैलावर घेतलं. आकडा म्हणजे आकडा.

टपालात पगारे बाईंचा कागद होता. ‘विषय : मोरीपाशी आलेल्या अडचणीबाबत.’ खाली दीड पान मजकूर. बाईमाणसाचं खासगी दुखणं मी का वाचायचं? सभ्यता म्हणून काही असते. मोरी बांधून झालीच आहे. समासात ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा मारला, सही केली आणि कागद फाइलला लावायला दिला. हा विषय लेखी काढायची काय गरज होती, हे मात्र कळलं नाही.

हिचं साइटवर निभायचं नाही. संध्याकाळी बोलावून सांगितलं की उद्यापासून नाशिकच्या कार्यालयात नकाशांच्या टेबलावर बसा, उन्हातान्हात हिंडू नका.

“सर, माझं काय चुकलं?” त्यांनी विचारलं.

“काही चुकलं नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.”

“सर, तुम्ही माझा कागद वाचला का?”

“शेरा मारलाय त्यावर,” मी म्हणालो आणि फोन उचलला.

२२ मार्च, सोमवार

शहाण्णव टक्के.

सोनारदऱ्याच्या सरपंच नवसाबाई कार्यालयात आल्या होत्या. राखीव जागेवर निवडून आलेली बाई. निरक्षर, पण जीभ कोयत्यासारखी. खुर्ची देण्याआधीच बसल्या. “सायेब, पानी टाकीवर चढंल ना आमच्या?”

“ते शास्त्र आहे, बाई. कागदावर सगळं बसवलंय.”

“कागदावर तर आमच्या गावाला बारमाही वढा बी हाय. तुमची ती बाई दोन आयतवार आली व्हती, दुर्बीन घिऊन. तिला इचारलं, पानी यील का. काय बोलंना. नुसतं गावच्या टाकीकडं बघत बसली.”

म्हणजे नकाशांच्या टेबलावर बसवलेली माणसं सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने जाऊन माझ्या साइटवर फिरतात! नवसाबाईंना वाटेला लावलं आणि पगारे बाईंना मेमो दिला. विनापरवानगी साइटवर जाणे, ग्रामस्थांमध्ये गैरसमज पसरवणे. पोच घेताना त्यांनी मेमो वाचलासुद्धा नाही. वरून सुपरिंटेंडिंग साहेबांचा फोन आला : “बोरस्ते, मला फक्त पहिली मे पाहिजे.” उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं यांचं!

२७ एप्रिल, मंगळवार

आज चाचणी. सकाळी नऊला मोठ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. मोटारसायकलवाला मुकादम एकेका गावाहून निरोप आणत होता. दुपारपर्यंत सोळा गावांत पाणी. कोकाटेने पेढ्यांचा पुडा फोडला. मी हात लावला नाही, सोनारदरा बाकी होतं.

चार वाजता मी स्वतः सोनारदऱ्याच्या टाकीखाली उभा होतो. गावच्या बायका हंडे घेऊन रांगेत बसलेल्या. पाइपातून आधी हवेचा सूंऽ आवाज आला, मग थरथर. बायका उठून उभ्या राहिल्या. सानपच्या मुकादमाने खांबाला लागून वर जाणाऱ्या पाइपावर पाना ठोकून बघितला. खाली बद्द वाजला, म्हणजे पाणी भरलेलं. छातीएवढ्या उंचीवर बद्द. डोक्याच्या वर ठण्‌ठण्. रिकामा. तो शिडीवरून एकेक हात वर सरकत ठोकत गेला. ठण्, ठण्, ठण्.

“हवा अडकलीय,” मी म्हणालो. एक तास थांबलो. आणखी एक तास थांबलो. पाणी छातीच्या वर बोटभरही चढलं नाही.

नवसाबाई पाइपाला हात लावून उभ्या होत्या. “गार लागतंय,” म्हणाल्या. “आलंय, पन येत न्हाई.” बायका रिकामे हंडे घेऊन उठल्या. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊला सगळ्यांना उभं केलं. कोण चुकलं, नाव सांगा. पगारे बाईंनी आपलं लेव्हल बुक आणून माझ्यासमोर ठेवलं, पान उघडूनच.

‘मोरी क्र. ७. नदीकडून मोजत आणलेली उंची आणि डोंगराकडून मोजत आणलेली उंची यांत ३.३ मीटरचा फरक. नदीकडे आधार कालव्याच्या दगडाचा, डोंगराकडे आधार रेल्वे स्टेशनच्या पाटीवरील आकड्याचा. दगडावरचा आकडा कालव्याच्या स्वतःच्या जुन्या मोजणीतला, समुद्रसपाटीचा नव्हे. मेळ घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. साहेबांना सांगण्याचा प्रयत्न केला. १२/१/९९.’

टेकडीवरची मोठी टाकी नदीकडच्या मोजणीत आली, म्हणजे सोनारदऱ्याच्या हिशेबात ती कागदावर आहे त्यापेक्षा अकरा फूट खाली बसली आहे. सोळा गावं खालची, त्यांना फरक पडत नाही. सोनारदऱ्याला पडतो.

कोकाटेला विचारलं, तुला ठाऊक होतं? “बाई बोलल्या होत्या साहेब. पण तो शब्द काढायचा नाही म्हणून...” मग दर सोमवारचे टक्के कसले? “चार चार वाढवत होतो, साहेब. तुम्हाला बरं वाटायचं.” त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

सगळे गेल्यावर फेब्रुवारीचा कागद फाइलमधून काढून वाचला. पहिल्यांदाच. दीड पान, सगळं मुद्देसूद, दुरुस्तीचा उपायसुद्धा. समासात माझा शेरा, माझी सही. घरी येऊन या वहीतलं १२ जानेवारीचं पान काढलं आणि तीन वेळा वाचलं. कान तापले. वत्सला चहा घेऊन आली तर वही मांडीखाली घातली.

पण मी म्हणतो, मोरीला मोरी का म्हणायचं? इंजिनिअर ना तुम्ही? कल्व्हर्ट म्हणाल्या असत्या तर जीभ झडली असती? अडचण म्हणे! सरळ फरक म्हणायचं, चूक म्हणायचं. शब्दांचा दुष्काळ आहे का मराठीत? मी चिडलो आहे आणि नेमका कोणावर ते मला सांगता येत नाही.

१ मे, शनिवार

हे लिहू नये. पण न लिहून तरी काय?

सानप परवा म्हणाला होता, “साहेब, टाकी रिकामी आहे ना? मग भरू. वरून भरली काय, खालून भरली काय, नळाला काय कळतंय?” मी नाही म्हणालो. मग काल दुपारी पुन्हा विचारलं त्याने, तेव्हा मी काहीच म्हणालो नाही. दोन टँकर लावून पंपाने सोनारदऱ्याची टाकी भरली.

मंत्र्यांनी आज नळ उघडला. पाणी आलं. टाळ्या, हार, फेटे. सुपरिंटेंडिंग साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नवसाबाईंनी ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सायेब, ह्ये टँकरचं हाय. आठ वरसं पिते मी. चव वळखती.”

पेढा रुमालात गुंडाळला. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. अहवालावर सही केली : योजना १०० टक्के पूर्ण.

१९ मे, बुधवार

टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी झाली. आज पेपरात रिकाम्या हंड्यांचा फोटो आणि शेजारी मंत्र्यांचा नळ उघडतानाचा. चौकशी लागली. ३ जूनला मुंबईहून समिती येणार.

फेब्रुवारीचा तो कागद आता फाइलमध्ये नाही. कुठे आहे ते इथे लिहायचं कारण नाही.

वत्सला माझ्याशी मोजकंच बोलते. तिला कोणी काही सांगितलेलं नाही, पण बायकांना वास येतो. येऊ दे. तीस वर्षांची नोकरी एका मोरीपायी घालवायला मी वेडा नाही.

३ जून, गुरुवार

समितीत तिघे. अध्यक्ष मुंबईचे, पांढरा सफारी, हातात पेन्सिल. शेजारी टिपण घेणारा कारकून. मला विचारलं, पातळीतला फरक तुम्हाला कोणी कळवला होता का?

“लेखी काही फाइलवर नाही,” मी म्हणालो. हे अक्षरशः खरं आहे.

मग पगारे बाईंना बोलावलं. त्या शांत होत्या. म्हणाल्या, “१२ जानेवारीला मी साइटवर सरांना म्हणाले, सर, अडचण आहे. सरांना वाटलं माझी पाळी आली. ते म्हणाले, घरी जा, गरम पाण्याची पिशवी घ्या. मी म्हणाले, मोरीपाशी. त्यांना वाटलं बाथरूम. त्यांनी मला पत्र्याचं बाथरूम बांधून दिलं.”

एका सदस्यांना खोकला आला. दुसरे पंख्याकडे बघायला लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. भर समितीत, पुरुषांसमोर, बाईच्या जातीने हा शब्द उच्चारावा! कारकुनाने मान वर केली, “साहेब, अडचण म्हणजे काय लिहू?”

अध्यक्षांनी पेन्सिल खाली ठेवली. “ते इतिवृत्तात घेऊ नका. ‘वैयक्तिक कारणास्तव रजेवर’ असं लिहा.”

“वैयक्तिक नव्हतं, साहेब,” पगारे बाई म्हणाल्या. “३.३ मीटर होतं.”

“ठीक आहे, ठीक आहे.”

“मी लेखीही दिलं होतं. ८ फेब्रुवारीला. सरांचा शेरा आहे त्यावर, कार्यवाही पूर्ण.”

फाइल उघडली. कागद नव्हता. दोनदा शोधला. पगारे बाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही पंख्याकडे बघायला लागलो. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि चहा मागवला. एवढे शिकलेले तीन अधिकारी, पण ती बाई जेवढं सरळ बोलली तेवढं सरळ एकालाही ऐकवलं नाही. मी त्यांच्यात आहे, आणि आज मला त्याचाच फायदा झाला.

११ जून, शुक्रवार

निकाल आला. कनिष्ठ अभियंता मोजणीच्या महत्त्वाच्या काळात कामावर अनुपस्थित, वरिष्ठांना वेळेत कळवण्यात कसूर. बदली लांब डोंगरातल्या सुरगाण्याला. कोकाटेला ताकीद. मला काही नाही. उलट साहेब फोनवर म्हणाले की पुढच्या एकतीस गावांच्या योजनेसाठी तुमचंच नाव आहे, बोरस्ते, तुम्हाला माणसं सांभाळता येतात.

संध्याकाळी पगारे बाई कागदपत्रं सुपूर्द करायला आल्या. शेवटी एक घडी घातलेला नकाशा टेबलावर ठेवला. “सोनारदऱ्याचा आहे, सर. पाणी टाकीच्या पायथ्यापर्यंत येतं, वर चढत नाही. मग वर न्यायचंच कशाला? पायथ्याशी ओटा बांधायचा, त्यावर चार प्लॅस्टिकच्या टाक्या, खाली आठ नळ. पंधरा दिवसांचं काम आहे. सही तुमची लागेल.”

मी नकाशा उघडला. खाली जिथे आखणाऱ्याचं नाव असतं ती जागा खरवडलेली होती.

“नाव?”

“काढलंय मी. माझं नाव असलं तर तुम्ही सही करणार नाही. तुमचंच घाला.”

हे ती उपकाराच्या सुरात बोलली नाही. रागाने बोलली, दात आवळून. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, “सुरगाण्याला पाऊस फार असतो, छत्री घेऊन जा.” त्या गेल्या.

१५ जून, मंगळवार

नकाशात चूक शोधतोय. तीन दिवस झाले. सापडत नाही.

आज बहिरूने सह्यांचा गठ्ठा आणला, त्यात सोनारदऱ्याच्या टँकरला मुदतवाढ मागणारा कागद होता. अजून तिथे पाऊस नाही. शंभर टक्के पूर्ण योजनेच्या गावाला टँकर, आणि मंजुरी मीच द्यायची. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. टँकरचा बाजूला सारला आणि नकाशावर सही केली. ‘सुधारित व्यवस्था’ असं वर लिहिलं, खाली माझं नाव. सानपला बोलावून सांगितलं की पंधरा दिवसांत ओटा उभा नाही केलास तर तुला त्याच ओट्यावर बसवीन.

बरं वाटलं का? नाही. दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखं वाटलं.

२ जुलै, शुक्रवार

सोनारदऱ्यात पाणी आलं. खरं पाणी, नदीचं. सकाळी दहाला आठही नळ सुरू झाले आणि दुपारपर्यंत थांबले नाहीत. यावेळी मंत्री नव्हते, फेटे नव्हते. मी, कोकाटे, सानप आणि गावच्या बायका. गावची खांबांवरची टाकी कोरडीच उभी, तिच्या सावलीत बायका धुणी धुवत होत्या.

कोकाटे म्हणाला, “साहेब, ही आयडिया भारी काढलीत.” मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

नवसाबाईंचा हंडा भरला. त्यांनी एक घोट पिऊन बघितला, या वेळी माझ्याकडे न येता. मग विचारलं, “त्या बाई कुठं हायेत?”

“बदली झाली. सुरगाण्याला.”

“का वं?”

“सरकारी काम. होतात बदल्या.”

त्यांनी भरलेला हंडा नळाखालून बाजूला घेतला. “आता ह्यात काय बिघडलं, कमी जास्त झालं, तर सांगायचं कुनाला?”

“मला सांगा की,” मी म्हणालो. “मी आहे ना.”

“तुमाला?”

एवढंच म्हणाल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलला आणि चालू लागल्या. मी जीपपाशी अर्धा तास थांबलो. बायका येत होत्या, भरत होत्या, जात होत्या. माझ्याशी कोणी काही बोललं नाही.